तळेगांवची दक्षिणा



आज मी आपणांस एका पैशाची गोष्ट सांगणार आहें. हा पैसा आमच्या मावळांतल्या तळेगांवीं श्रावण महिन्यांत वाटला जाऊं लागला. तेथून तो पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशीं गेला, पर्वतीहून विश्रामबागवाड्यांत शिरला, आणि शेवटीं मराठी पुस्तकांच्या बक्षिसांत, मुलींच्या शाळेंत व कॉलेजांतील तरुण पंडितांच्या वेतनांत जाऊन मिळाला. एका देशांत विद्येला कोण पोसतो आणि कां पोसतो, हें समजून घ्यावयाचें असेल तर या पैशामागून चालत जाण्यासारखा दुसरा मार्ग मला तरी दिसत नाहीं.

आरंभींच एक कबुली देतों. मी पंडित नव्हें. मॅट्रिक होऊन मावळांतल्या प्राथमिक शाळांतून मास्तरकी केली आणि निवृत्त झालों. ज्या दक्षिणेविषयीं मी बोलणार, तिच्या रांगेंत मला कोणीं उभेंहि केलें नसतें. पण हातांत खडू धरून ज्यानें आयुष्य घालविलें, त्याला खडूचे पैसे कोठून येतात ही चौकशी करण्याचा थोडाबहुत अधिकार असावा असें वाटतें.

मावळांतली विद्येची सर्वांत जुनी खूण पाहावयाची तर मळवलीस उतरावें. रुळांच्या एका अंगास भाज्याचीं लेणीं, दुसऱ्या अंगास कार्ल्याचीं. पवन मावळाच्या बाजूस बेडशाचीं. भाज्याचें चैत्यगृह सुमारें बावीसशें वर्षांपूर्वींचें आहे. आपण तेथें सहलीस जातों, कमान पाहतों, एकवीरेचें दर्शन घेतों आणि परततों. परंतु चैत्याशेजारच्या त्या लहान लहान खोल्यांतून कोण राहत होतें? भिक्षु राहत होते, आणि ते कांहीं नुसते ध्यान लावून बसलेले नव्हते. कार्ल्याच्या एका खांबावर सोपाऱ्याच्या एका दात्याचें नांव कोरलेलें आहे. त्याला तेथें 'भाणक' म्हटलें आहे. भाणक म्हणजे धर्मग्रंथ मुखोद्गत करून म्हणणारा. ग्रंथ हातीं नसतां ते मुखांत वागविणारीं माणसें त्या काळीं याच डोंगरांतून राहत असत आणि गुरूकडून शिष्याकडे पाठ जात असे. आणखी एक लेख क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याचा आहे. त्यानें वालुरक येथील, म्हणजे कार्ल्याच्या, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या प्रव्रजितांच्या निर्वाहाकरितां करजिक नांवाचें गांव दान दिलें. आणि तें अमुक एका पंथास न देतां चारी दिशांहून येणाऱ्या सर्वांस दिलें, हें मुद्दाम नमूद केलें.

श्रोत्यांनीं येथें वर्षावास हा शब्द ध्यानांत ठेवावा. पावसाळ्याचे महिने फिरणें बंद ठेवून भिक्षूंनीं एका जागीं राहावें हा नियम होता. आमच्या मावळांतला पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना या नियमाचें मर्म सांगावयास नको. आषाढांत लोणावळ्यास घराबाहेर पाऊल टाकणें मुष्कील; मग बसून पाठ म्हणण्यावांचून दुसरें करावयाचें काय? विद्या आणि पावसाळा यांची सांगड आमच्याकडे अशी फार जुनी आहे, आणि आपली गोष्ट तिच्यापाशीं पुन्हा यावयाची आहे.

मधलीं शतकें मी ओलांडून जातों. इसवी सन 1717 मध्यें शाहू महाराजांनीं तळेगांवच्या खंडेराव दाभाड्यांस सेनापतिपद दिलें. गुजराथेंत तलवार गाजविलेला हा सरदार. लढाईंत मिळविलेल्या द्रव्याचा कांहीं भाग पुण्याकडे वळविण्याची त्या काळची रीत होती. तीस अनुसरून तळेगांवीं दरसाल ठिकठिकाणच्या हजारों ब्राह्मणांस कित्येक दिवस भोजन घालण्याचा प्रघात दाभाड्यांच्या घराण्यांत पडला. खंडेराव 1729 सालीं वारले. त्यांचा मुलगा त्रिंबकराव आणि पहिला बाजीराव यांचें वैर विकोपास जाऊन 1731 च्या एप्रिलांत डभईजवळ लढाई झाली आणि त्रिंबकराव तींत पडला. सेनापतीचें बळ मोडलें. मात्र सेनापतीच्या घरची पंगत मोडून चालण्यासारखें नव्हतें. बाजीरावानें ती पुण्यास चालूं ठेविली आणि भोजनाबरोबर जमलेल्या शास्त्रीवैदिकांस रोख रक्कम देण्यास आरंभ केला. पुढें 'श्रावणमासची दक्षिणा' म्हणून सर्व हिंदुस्थानांत गाजली ती हीच.

यांत धर्मबुद्धि होती, तशीच राजकारणाची बुद्धीहि होती, असें माझें मत आहे. ज्याला रणांत पाडलें त्याचें पुण्यकर्म आपल्या दारीं आणणें ही लहानसहान गोष्ट नव्हे. आजवर तळेगांवास जाणारे विद्वान आतां पुण्याची वाट धरूं लागले, आणि तलवारीनें जो निकाल लागला होता त्यावर जणूं शास्त्र्यांची मोहोर उठली.

पेशवाईच्या भरभराटींत काशी, तैलंग, द्रविड अशा दूर देशांचे विद्वान श्रावणांत पुण्यास लोटत. विद्वानांची परीक्षा होऊन योग्यतेप्रमाणें मोठ्या रकमा मिळत. उरलेला जमाव पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यांत गोळा होई आणि तेथें सरसकट लहान रक्कम वांटली जाई. रमण्यांत शिरणारा प्रत्येक जण विद्वान असे असें समजण्याचें कारण नाहीं. पण परीक्षेनें मिळणाऱ्या दक्षिणेचा एक गुण मान्य केला पाहिजे. एखाद्या आडगांवीं वीस वर्षें न्याय किंवा व्याकरण घोटीत बसलेल्या माणसास, आपल्या श्रमांची कोणी तरी पारख करील ही आशा तिच्यामुळें होती. तो शास्त्री घरीं परत जाऊन आपल्या ओसरीवर शिष्य शिकवी; त्यांजकडून फी घेत नसे; शिष्य गांवांत माधुकरी मागून राहत. विद्यापीठाची इमारत नाहीं, पदवी नाहीं, तरी विद्यापीठाचें काम या रीतीनें चालत असे. दोष उघड होता: ही सर्व व्यवस्था एका वर्णापुरती होती, आणि तिच्यांत शिकविलें जाई तें संस्कृत. रयतेचा जो सारा सरकारांत जमा होई, त्यांतूनच ही दक्षिणा निघे. रयतेच्या मुलास मात्र तिच्यांतून एक अक्षरहि मिळत नसे.

मग रयतेच्या मुलानें शिकावें कोठें? शिकलाच तर पंतोजीच्या शाळेंत. ही शाळा सरकारची नव्हे. गांवच्या देवळांत, एखाद्या सावकाराच्या पडवींत किंवा पंतोजीच्या स्वतःच्या ओटीवर ती भरे. पोर प्रथम धूळपाटीवर बसे. लांकडाच्या फळीवर बारीक धूळ पसरावयाची आणि तिच्यावर बोटानें किंवा काडीनें अक्षर गिरवावयाचें. चुकलें कीं हात फिरवून पाटी कोरी. शाईकागदाचा खर्च नाहीं, आणि चूक उरत नाहीं! मी माझ्या नोकरीच्या दिवसांत पहिलीच्या वर्गापुढें कधीं कधीं ही युक्ति ओढ्याकांठच्या रेतीवर करून पाहिली आहे. खडूपाटीपेक्षां मुलें तिच्यावर अधिक रमतात, हा अनुभव सांगून ठेवतों. मग मूळाक्षरें, बाराखड्या, मोडी वळण. त्याहून मोठा भाग अंकांचा: उजळणी, पाढे, आणि पुढें पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी. संध्याकाळीं दिवे लागण्याच्या सुमारास सर्व मुलांनीं उभें राहून एका सुरांत परवचा म्हणावयाचा. थोर विद्यार्थ्यानें लहानांस सांगावें, पंतोजीनें छडी घेऊन देखरेख करावी. छडीचा उपयोग पुष्कळ होई. शिवाय हात वर करून उभें करणें, अंगठे धरावयास लावणें असे नाना प्रकार होते. त्या छडीचें गुणगान करणारी पिढी आमच्या लहानपणापर्यंत होती. मी तींत सामील नाहीं. पंतोजीचें वेतन म्हणाल तर कोठें महिन्याचे कांहीं आणे, कोठें पायलीभर धान्य, आणि सणावारीं शिधा.

या शाळेचा हेतु स्पष्ट होता. व्यवहार करतां यावा. कुळकर्ण्याच्या मुलास दफ्तर लिहितां यावें, वाण्याच्या मुलास खातें, सोनाराच्या मुलास तोळामासा. म्हणून तेथें येणारीं मुलें बहुधा ब्राह्मण, प्रभु, वाणी, सोनार अशा लेखणीशीं किंवा तागडीशीं संबंध असणाऱ्या घरचीं. कुणब्याचा मुलगा क्वचित्. मुली जवळजवळ नाहींतच. आणि महार-मांगांच्या मुलांस देवळाची पायरीच बंद, तेथें देवळांतली शाळा कशी उघडी असणार?

1818 मध्यें पेशवाई बुडाली. नव्या मुलखाचा कमिशनर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा धूर्त आणि अभ्यासू गृहस्थ होता. त्याच्यापुढें जे प्रश्न आले त्यांत दक्षिणेचा एक होता. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळीं ही दक्षिणा पांच लाखांच्या आसपास गेली होती. ती एकदम बंद केली तर ब्राह्मणवर्ग बिथरणार. चालूं ठेविली तर कंपनीस परवडणार नाहीं. त्यानें मधला मार्ग काढला: रमण्याची सरसकट वाटणी बंद, विद्वानांकरितां पन्नास हजारांची रक्कम कायम, आणि दक्षिणेच्या पैशांतून एक पाठशाळा. 6 ऑक्टोबर 1821 रोजीं पुण्यांत विश्रामबागवाड्यांत ही पाठशाळा सुरू झाली. वेद, धर्मशास्त्र, न्याय, व्याकरण, ज्योतिष, वैद्यक हे तिच्यांतले विषय. जो वाडा दुसऱ्या बाजीरावानें रहावयास बांधला, त्यांत चार वर्षांच्या आंत इंग्रजांच्या खर्चानें संस्कृत पढविलें जाऊं लागलें.

जेत्यानें जितांच्या विद्येवर असा हात ठेवल्याचें हें जगांतलें एकच उदाहरण नव्हे. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास मेक्सिको देशांत आझ्तेक लोकांचें राज्य होतें. त्यांच्यांत सरदार-पुरोहितांच्या मुलांकरितां 'काल्मेकाक' आणि सामान्यांच्या मुलांकरितां 'तेल्पोच्काल्ली' अशा दोन तऱ्हेच्या शाळा होत्या. पहिलींत पंचांग, स्तोत्रें आणि राज्यकारभार, दुसरींत मुख्यतः शस्त्रविद्या व अंगमेहनत. सामान्य घरच्या मुलासहि कोठल्या तरी शाळेंत जावें लागे, ही गोष्ट आम्हांस विचार करावयास लावणारी आहे. 1521 मध्यें स्पॅनिश लोकांनीं तें राज्य बुडविलें, आणि 1536 मध्यें त्यांच्या धर्मगुरूंनीं त्लातेलोल्को येथें विद्यालय काढून तेथल्याच सरदारांच्या मुलांस लॅटिन शिकविण्यास प्रारंभ केला. दोहोंकडे आरंभ वरच्या वर्गापासून झाला, हें साम्य. पण त्यांनीं आपली भाषा शिकविली आणि एल्फिन्स्टननें प्रथम आमचीच जुनी भाषा शिकविली, हा भेद. एल्फिन्स्टनच्या उदारपणाचें कौतुक करतांना, ब्राह्मणांस सांभाळून घेणें हा त्याचा हेतु होता हें विसरतां कामा नये. त्यानें तो लपविलाहि नाहीं.

याच सुमारास मुंबई इलाख्यांत शाळा किती, याची मोजदाद झाली. 1821 मध्यें गव्हर्नराच्या कौन्सिलांतील प्रेंडरगास्ट यानें लिहून ठेविलें कीं, आपल्या मुलखांत शाळा नाहीं असें गांव लहान असो मोठें असो क्वचितच आढळेल. पुढें 1829 मध्यें आंकडे गोळा झाले तेव्हां सत्तेचाळीस लाखांच्या आसपास वस्तींत सतराशेंच्या थोड्या वर शाळा आणि पस्तीस हजारांच्या आसपास विद्यार्थी भरले. दोहोंत केवढें अंतर! प्रेंडरगास्टचें वाक्य घेऊन आमच्यांतले कांहीं अभिमानी लोक, इंग्रजांनीं भरलेलें घर लुटलें असें म्हणतात; आंकडे घेऊन दुसरे, घर रिकामेंच होतें असें म्हणतात. मला मास्तर या नात्यानें एवढेंच दिसतें कीं, चार पोरें पडवींत जमवून बसलेल्या पंतोजीस सरकारी कारकून शाळा म्हणून मोजीलच असें नाहीं. आणि आंकडे दुप्पट धरले तरी शाळेबाहेरचीं मुलें आंतल्यांपेक्षां कितीतरी पटींनीं अधिक होतीं, यांत फरक पडत नाहीं.

आतां पुन्हा आपल्या पैशाकडे वळूं. 1836 च्या पुढें सरकारनें दक्षिणेच्या यादींत नवीन नांवें घालणें थांबविलें. जुने दक्षिणापात्र वारतील तसतशी शिल्लक पडूं लागली. ही शिल्लक कोणाची, यावरून पुण्यांत मोठें वादंग माजलें. 'शतपत्रें' लिहिणारे गोपाळ हरि देशमुख, म्हणजे आपले लोकहितवादी, स्वतः ब्राह्मण. त्यांनीं या दक्षिणेवर सडकून टीका केली. 1849 मध्यें सुधारक मंडळींनीं सरकारास अर्ज केला कीं, या पैशाचा कांहीं भाग लोकांच्या भाषेंत, मराठींत, उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षीस म्हणून द्यावा, आणि त्यांत जातीची अट नसावी. सनातनी मंडळी खवळली. तथापि अर्ज मान्य झाला आणि दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. श्रावणांत घोकलेलें संस्कृत म्हणून दाखविणाराच्या हातीं पडणारा पैसा आतां मराठींत लिहिणाराच्या हातीं पडूं लागला. मराठी गद्याच्या वाढीस या कमिटीच्या बक्षिसांचा हातभार लागला. तो किती लागला हा वाद विद्वानांनीं करावा.

एका लेखकास मात्र तें बक्षीस मिळालें नाहीं. जोतीराव फुले यांनीं 1855 मध्यें 'तृतीय रत्न' हें नाटक लिहून कमिटीकडे पाठविलें. एका अडाणी कुणबी नवराबायकोस धर्माच्या नांवाखालीं कसें लुबाडलें जातें आणि शेवटीं तीं दोघें रात्रीच्या शाळेंत जावयाचें कसें ठरवितात, हा त्याचा विषय. कमिटींतल्या भटसभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, अशी तक्रार फुल्यांनीं पुढें 1873 च्या 'गुलामगिरी'त नोंदवून ठेविली आहे. म्हणजे खजिना उघडला होता, पण किल्ली जुन्याच हातांत होती. तथापि गोष्टीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. 1848 मध्यें भिडेवाड्यांत फुले पतिपत्नींनीं मुलींची शाळा काढली, पाठोपाठ महार-मांगांच्या मुलांकरितां शाळा काढल्या, आणि या शाळांस दक्षिणा फंडांतूनच सरकारनें मदत दिली. 16 नोव्हेंबर 1852 रोजीं जोतीरावांचा शालजोडी देऊन सत्कार झाला, तो मेजर कँडीच्या अध्यक्षतेखालीं, आणि तोहि त्याच विश्रामबागवाड्यांत! तळेगांवच्या पंगतींत ज्यांच्या सांवलीस मज्जाव होता, त्यांच्या मुलांच्या शाळेपर्यंत ती पंगत सव्वाशें वर्षांत येऊन पोहोंचली.

विश्रामबागेंतील पाठशाळा 1851 मध्यें इंग्रजी शाळेस जोडली जाऊन पूना कॉलेज झालें. त्याचेंच पुढें डेक्कन कॉलेज. दक्षिणेचा राहिलेला अंश तेथें 'दक्षिणा फेलो' या पदांच्या रूपानें टिकला. रामकृष्ण गोपाळ भांडारकर तरुणपणीं असे फेलो होते. श्रावणांतल्या परीक्षेचा वारसा एका अर्थीं त्यांच्याकडे आला.

तळेगांवचें पुढें काय झालें? तळेगांव विद्येस अगदींच मुकलें नाहीं. स्वदेशीच्या चळवळींत, 1906 च्या सुमारास, विष्णु गोविंद विजापूरकर यांनीं राष्ट्रीय शिक्षणाकरितां समर्थ विद्यालय काढलें. तें पुढें तळेगांवीं आलें. सरकारचा पैसा घ्यावयाचा नाहीं, मातृभाषेंत शिकवावयाचें, हस्तकौशल्य आणि शरीरश्रम यांस अभ्यासांत जागा द्यावयाची, असा त्याचा बाणा होता. शेजारीं 1908 मध्यें पैसाफंडाचा कांचकारखाना निघाला. घरोघरीं एकेक पैसा गोळा करून उभा केलेला तो उद्योग म्हणजे एक शाळाच होती, कारण तेथें शिकून गेलेल्या कारागिरांनीं कांचेचा धंदा इतरत्र नेला. दाभाड्यांची दक्षिणा वरून खालीं येई. ही खालून वर चढली. विजापूरकरांस 'विश्ववृत्त' मासिकांतल्या एका लेखापायीं तुरुंगवास घडला आणि 1910 मध्यें सरकारनें विद्यालय बंद केलें. सुटून आल्यावर त्या वृद्ध गृहस्थानें तळेगांवींच पुन्हा नवें समर्थ विद्यालय उभें केलें. सरकारी मदतीशिवाय चालणारी शाळा सरकारास इतकी खुपावी, यावरून शिक्षणाचा पैसा आणि शिक्षणाची दोरी हीं एकाच हातीं असावींत असें राज्यकर्त्यांस कां वाटतें, तें कळतें.

वेळ थोडा उरला आहे, तेव्हां आमच्या काळाची एक हकीकत सांगून थांबतों. 1992 पासून महाराष्ट्र सरकारनें मागास व आदिवासी घरच्या प्राथमिक शाळेंतील मुलींस हजेरीच्या दर दिवसास एक रुपया भत्ता देण्याचें ठरविलें. मात्र शेंकडा पंचाहत्तर दिवस हजेरी भरली पाहिजे, ही अट. पुढें कांहीं वर्षांनीं मी आंदर मावळांतल्या एका वाडीवर होतों. दोन खोल्यांची शाळा, गळकें छप्पर. चौथींत एक ठाकराची मुलगी होती. पाढे तिला असे येत कीं, मी विसरलों तर ती आठवण करून देई. आषाढ लागला आणि आवणी सुरू झाली. आवणी म्हणजे भाताचीं रोपें उपटून चिखलांत लावण्याचें काम. त्या दिवसांत मावळांत दोन हात रिकामे राहत नाहींत, मग ते दहा वर्षांचे कां असेनात. मुलगी येईनाशी झाली. पहिला आठवडा मीं कानाडोळा केला. नंतर तालुक्याच्या ठिकाणाहून तपासणी होणार असा निरोप आला आणि हजेरी जशी असेल तशीच दाखवावी असें बजावलें गेलें. मीं नियमाप्रमाणें गैरहजेरी मांडली. श्रावण सगळा गैरहजर. वर्षाअखेर हिशेब केला तेव्हां पंचाहत्तरांस तिचे कांहीं दिवस कमी पडले, आणि तिच्या नांवापुढें भत्त्याच्या रकान्यांत मीं माझ्या हातानें शून्य लिहिलें.

भत्ता वाटण्याच्या दिवशीं ती इतर मुलींबरोबर रांगेंत उभी होती. तिची पाळी आली तेव्हां मीं तिला कारण सांगितलें. तिनें बोटांवर कांहीं मोजलें, आणि विचारलें, "गुरुजी, पावसाचे दिस सोडून मोजलं तर?"

मीं तिला वहींतला नियम दाखविला. पुढल्या वर्षीं आवणीच्या पंधरवड्यांत मी शाळा सकाळीं सात ते नऊ भरवूं लागलों. परवानगी कोणाची घेतली नाहीं. चिखलानें भरलेल्या पायांनीं पोरें येत, दोन तास बसत आणि तशींच खाचरांत जात. ती मुलगी त्यांत नव्हती. चौथी संपल्यावर तिचें नांव पुढल्या शाळेच्या पटावर चढलेंच नाहीं.